आवाज कधी येतो?

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

सकाळी सेल मारला आणि बोनेटखालून घर्रर्र. जात्यात खडा आल्यासारखा. पोवई नाक्यापर्यंत होता, मग गेला. शाळा सुटल्यावर गाडी काढली तेव्हा काही नाही.

४ डिसेंबर, बुधवार

आजही. थंडी वाढली आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडून निघेपर्यंत उशीर झाला.

आज आवाज नाक्यावर थांबला नाही, शाळेच्या फाटकापर्यंत आला. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. गाडी उभी असली तरी येतो, म्हणजे चाकांचा नाही. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर जाणारा आहे.

संध्याकाळी सपाट जागी लावून इंजिन निवू दिलं. ऑइलची काडी पुसून पुन्हा घालून पाहिली. पातळी दोन खुणांच्या मध्ये. कूलंटची बाटली मात्र खालच्या खुणेला टेकलेली. घरात डबा होता, भर घातली. रीडिंग ९१,४३८.

६ डिसेंबर, शुक्रवार

वडिलांना, अण्णांना, बोनेट उघडून दाखवलं. हात मागे बांधून, वाकून उभे राहिले.

"कसला आवाज? झकास चालतीय."

मला पायरीवरून ऐकू येत होता. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "गाडीला काय झालंय गं?"

अण्णा तोवर आत गेले होते.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. तिथूनच गॅरेजला.

"साहेब नाही आले?"

"साहेब चंद्रपूरला असतात. गाडी मी चालवते."

मिस्त्रीने बोनेट उघडलं, एकदा जोरात रेस दिली, बोनेट लावलं. "टायमिंग चेन. टॅपेटचंही करून घेऊ. हेड उघडल्यावर कळेल, हाफ इंजिन करावं लागेल बहुतेक." कागदावर आकडा लिहून दिला, २८,०००.

"चेनच कशावरून?"

"आवाजावरून, मॅडम. गाडी सोडून जा."

किल्ली घेऊन निघाले.

रात्री ह्यांचा फोन. "चेन सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिनच जाईल. करून टाक." त्यानंतर भावाचा. "अकरा वर्षांची झाली. विका आता." आईला डायलिसिसला याच गाडीतून नेत होतो. मागच्या सीटवर तिची उशी अजून आहे. विकायचं बोलणं मी पुढे जाऊ दिलं नाही.

भाचीचं लग्न १९ जानेवारीला, कोल्हापूरला. अण्णांच्या गुडघ्यांना बसची पायरी झेपत नाही. तोवर गाडी रस्त्यावर हवी.

८ डिसेंबर, रविवार

अण्णांना कागद दाखवला. चष्मा लावून वाचला.

"कवा वाजतंय ते इचारलं का त्यानं?"

"नाही."

"मग त्यानं गाडी बघितलीच न्हाई."

मग म्हणाले, "तोंडानं काढून दाखव." अंगणात उभी राहून काढून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. "परत." परत काढला. "टॅपेट टिकटिक करतंय. ही घरघर हाय. फिरणाऱ्या वस्तूची."

वही आणायला सांगितली. रकाने त्यांनी सांगितले, गाडी मी चालू करून पाहिली, नोंद केली:

गार इंजिन – येतो, मोठा.
गरम इंजिन – आधी जात असे. आता राहतो, बारीक होऊन.
क्लच दाबून आणि सोडून – फरक नाही.
एसी चालू, एसी बंद – फरक नाही.
हेडलाइट, पंखा, वायपर एकदम – फरक नाही.
गाडी उतारावर सोडून, रेस न देता – आवाजही खाली बसतो.

क्लच दाबला की गिअरबॉक्सची आत येणारी दांडी थांबते. तिथलं बेरिंग वाजत असतं तर आवाज गेला असता. दिवे लावले की अल्टरनेटरवर भार येतो, एसी लावला की कॉम्प्रेसरवर. "फरक न्हाई म्हंजे सुटलं असं न्हाई," अण्णा म्हणाले. "जरा बाजूला उभं करायचं. नाव खोडायचं न्हाई."

दुपारी गाढ झोपले. त्यांना इतकं बोलताना मी खूप दिवसांनी पाहिलं.

१० डिसेंबर, मंगळवार

समर्थ मंदिराकडे काम होतं. तिथून तशीच पुढे बोगद्यापर्यंत गेले. सगळ्या काचा खाली, दुसरा गिअर, रेस एकसारखी. मोकळ्या रस्त्यावर आवाज पसरतो. बोगद्यात भिंत तो परत देते. उजवीकडून जास्त आला. परतताना पुन्हा तेच, उजवीकडून.

बेल्ट उजवीकडे आहे. गिअरबॉक्स डावीकडे.

चेनही उजवीकडेच आहे. बेल्टच्या मागे, झाकणाच्या आत.

११ डिसेंबर, बुधवार

नीट झोप नाही. चेन सुटली तर?

१२ डिसेंबर, गुरुवार

गाडी गार असताना खाली वाकून सायलेन्सरवरचा पत्रा हलवून पाहिला. ढिला झाला की ठराविक रेसलाच झणझणतो, असं अण्णा म्हणाले होते. घट्ट आहे. एक नाव कमी.

१४ डिसेंबर, शनिवार

लेक पुण्याहून आली. आल्या आल्या गाडी चालू करायला लावली. फोन बोनेटच्या कडेला धरून रेकॉर्ड केलं, इंजिन आयडलवर, काटा ८०० वर. लॅपटॉपवर लाट काढली. आडवी पसरवल्यावर दिसलं की घरघर एकसलग नाही. फुगते, बसते, फुगते, बसते. सेकंदाला साधारण सोळा उठाव.

जेवणं झाल्यावर मी कागद घेतला. मिनिटाला ८०० फेरे म्हणजे सेकंदाला १३.३. ही क्रँकची गती. कॅमशाफ्ट तिच्या निम्म्याने फिरतो, ६.७. टॅपेटचा असता तर उठाव सात दिसले असते. एकाच सिलिंडरचा ठोका असता तरी सातच, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. क्रँकच्या बेरिंगचा असता तर तेरा.

सोळा यातल्या कशातच बसत नाही.

लेक म्हणाली, "आई, बाहेर बेल्टवर जे फिरतं त्याची गती वेगळी असेल ना?"

१५ डिसेंबर, रविवार

किल्ली खिशात ठेवून पुल्या मोजल्या. टेप आत जात नव्हती. दोरा गुंडाळला, घेर काढला, ३.१४ ने भागलं.

क्रँकची पुली १३ सें.मी.
वॉटर पंपाची ११.
एसी कॉम्प्रेसरची १२.
अल्टरनेटरची ५.५.
ताण देणारी पुली ७.

बेल्ट एकच. लहान पुली जास्त वेगाने फिरणार. क्रँक १३.३ ने फिरत असेल तर पंप १५.८, कॉम्प्रेसर १४.४, अल्टरनेटर ३१.५, ताणाची पुली २४.८.

पंपाचा आकडा सोळाच्या अगदी जवळ. पण काटा ८०० दाखवतो तेव्हा इंजिन ८५० वरही असू शकतं. मग कॉम्प्रेसर १५.३ वर येतो. एसी बंद असला तरी त्याची पुली बेल्टबरोबर फिरतेच. दोघांत निवाडा होत नाही. अल्टरनेटर आणि ताणाची पुली लांब राहिल्या. चेन यादीत तळाला गेली.

अण्णांनी कागद बराच वेळ धरून ठेवला. आकडे बोटाने मोजल्यासारखे वाचले. "गणित बरोबर हाय. पण हात लावल्याबिगर काय खरं न्हाई."

मग लावा की हात, असं ओठांवर आलं. ते टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्हीचा आवाज इतका मोठा की लेकीने फोनवर बोलायला गच्ची गाठली.

१६ डिसेंबर, सोमवार

आजपासून शाळेला स्कूटी. पंप गेला तर पाणी खेळणार नाही, इंजिन तापेल, हेड वाकेल. आवाजापेक्षा तापमानाच्या काट्याची भीती जास्त.

१७ डिसेंबर, मंगळवार

कूलंट पुन्हा किंचित खाली. फरशीवर डाग नाही, थेंब नाही.

जातंय कुठे?

१९ डिसेंबर, गुरुवार

अण्णांना सांगून गेले होते, सात वाजता जेवायला बसू. आठला आले. "आठ म्हणालीस." सात म्हणाले होते. गेल्या आठवड्यात भाजीवाल्याशीही असंच झालं.

त्यांना आवाज पोहोचतो. अक्षरं पुसट होतात. स, श, त, थ, फ. स्वर ऐकतात आणि बाकीचं अंदाजाने भरतात.

कुकरची शिट्टी झाली की हल्ली उठत नाहीत.

२० डिसेंबर, शुक्रवार

नववीला ध्वनी. फळ्यावर लिहिलं: माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला. "बाई, म्हाताऱ्या माणसांना पण?"

वयाबरोबर वरचे सूर आधी जातात, म्हणून सांगितलं. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांचं ऐकणं बहुधा ४,००० च्या आसपास आधी कमी होतं, तेही सांगितलं. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खडू हातात तसाच राहिला.

अण्णांची बसच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं. कानात कापूससुद्धा नसायचा. घरी यायचे ते मोठ्याने बोलत. आम्हाला ते रागावलेत असं वाटायचं.

२२ डिसेंबर, रविवार

लेकीने फोनवर सूर वाजवायचं काहीतरी उतरवून घेतलं. गाडीच्या आवाजासाठी, असं म्हणाली. अण्णांना मध्ये बसवलं. ऐकू आलं की हात वर करायचा.

५०० – हात वर.
१,००० – वर.
२,००० – आवाज वाढवल्यावर वर.
४,००० – काही नाही.

"लाव की आता," अण्णा म्हणाले.

"लावलंय, आजोबा."

मी कानावर हात ठेवला होता, इतका तो टोचत होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उठून बाहेर गेले. गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

२३ डिसेंबर, सोमवार

अण्णा जेवताना बोलले नाहीत.

२४ डिसेंबर, मंगळवार

आजही नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शुक्रवारची. सांगायचं कसं?

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी. चहा देताना सांगितलं. मोठ्याने नाही, समोर बसून, सावकाश. ओठ दिसतील असं. त्यांनी कप खाली ठेवला.

"गाडीचा आवाज खरंच येतोय?"

"येतोय, अण्णा."

"मोठा?"

"मोठा आहे."

"मग जाऊ शुक्रवारी."

२७ डिसेंबर, शुक्रवार

काचेच्या खोलीत अण्णा, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. बाहेर मी आणि कागदावर उमटणारी दोन वळणं, उजवा कान आणि डावा. २५० पासून १,००० पर्यंत वळण वरच, ३० डेसिबलच्या आसपास. २,००० ला उतरायला लागतं. ४,००० ला दरी, ७० च्या खाली. ८,००० ला थोडं वर येऊन थांबतं.

डॉक्टरांनी काम विचारलं. अण्णांनी स्वतः सांगितलं, वर्षांसकट. १९७४ ते २००९. इंजिन बेंचवर चढवून, अंगाला खेटून तपासायचे तेही सांगितलं.

गेलेलं परत येणार नाही. यंत्राचा उपयोग होईल, आधी वापरून पाहा, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी एकच विचारलं, "म्हंजे घरघर ऐकू येईल, शिट्टी न्हाई?" डॉक्टरांनी मान डोलावली.

घरी येताना रिक्षात गप्प. दारात उतरल्यावर म्हणाले, "माळ्यावरची पेटी काढ."

२८ डिसेंबर, शनिवार

पेटीत पाने, हातोडी, फीलर गेज, मळकट फडकं. तळाशी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. मूठ झिजून चकाकतेय.

अण्णांनी मफलर काढून ठेवला. बाह्या कोपराच्या वर. लेकीला केस बांधायला लावले आणि लांब उभं केलं. "फिरत्या बेल्टजवळ सैल कापड न्यायचं न्हाई." इंजिन आयडलवर.

टोक अल्टरनेटरच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले. मान हलली, नाही.

कॉम्प्रेसरच्या अंगावर. जास्त वेळ. नाही.

चेनच्या झाकणावर. खाली, मध्ये, वर. नाही.

वॉटर पंपावर टोक टेकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने मला बोलावलं.

"हे. वॉटर बॉडी. बेरिंग गेलंय."

मला धरायला लावलं. आधी अल्टरनेटर. बारीक, गुळगुळीत गूं. कॉम्प्रेसर, तसाच, थोडा जाड. मग पंप. कवटीतच घरघर सुरू झाली. आत काहीतरी खरवडत होतं, फुगत आणि बसत. कागदावर पाहिलेलं ते हेच.

हवेतून येणारा आवाज इंजिनच्या बाकीच्या आवाजात मिसळून अण्णांपर्यंत पोहोचत नव्हता. लोखंडातून थेट हाडात आलेला पोहोचला. खालच्या सुरांची ही घरघर त्यांच्या आलेखाच्या चांगल्या भागात पडते. मी हे सांगायला लागले तर म्हणाले, "ते तुझ्या पोरांना शिकव. मला बॅटरी दे."

बॅटरीच्या उजेडात पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक दाखवलं. आतलं सील गळायला लागलं की पाणी बेरिंगमध्ये साठू नये, बाहेर यावं, म्हणून ठेवलेलं. भोकापासून खाली वाळलेली गुलाबी रेघ. पाझरतं आणि गरम लोखंडावर तिथेच सुकतं. फरशीपर्यंत थेंब येतच नाही.

कूलंट इथे जात होतं.

२९ डिसेंबर, रविवार

ह्यांना फोन केला. म्हणाले, "अण्णांना दे." अण्णांनी फोन कानाला न लावता स्पीकरवर घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. क्लच, दिवे, एसी, बोगदा, सोळा. माझ्या वहीतलं त्यांना पाठ होतं.

३० डिसेंबर, सोमवार

गोडोलीजवळच्या गॅरेजात. मालक अण्णांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस पांढरे. खुर्ची आणून दिली, अण्णा बसले नाहीत. गाडी हळू, काट्यावर डोळा ठेवून आणली होती.

"बेल्ट काढून दाखव हिला," अण्णा म्हणाले.

बेल्ट काढला. सेल मारला. बॅटरीचा लाल दिवा पेटून राहिला, आणि इंजिन किती शांत! घरघर नाहीच. फक्त इंजेक्टरची टकटक. मिनिट व्हायच्या आत बंद केलं. बेल्ट नसताना पंप फिरत नाही, पाणी जागेवर तापतं.

मग सुट्या पुल्या हाताने फिरवल्या. कॉम्प्रेसरची निसटून गेल्यासारखी फिरली. अल्टरनेटरची तशीच. पंपाची खरखरत फिरली, आणि वरखाली ढकलली तर हलली. ती हालचाल मी बोटांनी पाहिली. चेनला कोणी हात लावला नाही, लावायची गरज उरली नाही.

खर्च: पंप, गॅस्केट, बेल्ट, कूलंट आणि मजुरी मिळून ५,४००. पंप उद्या येईल.

गॅरेजातल्या पोराने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आधीच कसं ओळखलं?" वही दाखवली. त्याने रकान्यांचा फोटो काढून घेतला.

३१ डिसेंबर, मंगळवार

दुपारपर्यंत काम झालं. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर अण्णांनी स्वतः पुसायला लावला, दोनदा. "इथं कण राहिला तर परत गळंल." पंप बसवला, बेल्ट नवा, ताण पाहिला. कूलंट भरून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आतली हवा बुडबुड्यांनी वर आली. हीटर चालू ठेवला होता, म्हणजे तिथली हवाही निघते. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत थांबलो. लागला, बंद झाला. वरून आणखी भर, मग झाकण.

जुना पंप पिशवीतून घरी आणला. लेकीने फिरवला, कानाशी धरला, तळहातावर तोलला. "एवढ्यासाठी इंजिन उघडणार होते?"

१ जानेवारी २०२५, बुधवार

गार इंजिन. आवाज नाही.

४ जानेवारी, शनिवार

अण्णांना यंत्रं बसवली, दोन्ही कानांना. वापरून पाहायला दिली आहेत. पहिला अर्धा तास वैतागले. "सगळं टोचतंय." वर्तमानपत्र उलगडलं तर दचकले. स्वयंपाकघरात येऊन भांड्यांचा आवाज कमी करा म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज थोडा वेळ, हळूहळू वाढवा. मेंदूला हे आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो.

७ जानेवारी, मंगळवार

आज यंत्रं डबीतच. मी काही बोलले नाही.

९ जानेवारी, गुरुवार

कुकरच्या शिट्टीला उठून गॅस बंद केला. स्वतः.

११ जानेवारी, शनिवार

भावाने फोनवर विचारलं, "गाडीचं काय ठरलं?"

ठरलं काय, चालते आहे.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी. कूलंट गार इंजिनवर पाहिलं. दोन खुणांच्या मध्ये, भरलं होतं तिथेच. पंपाच्या भोकाखाली कोरडं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ. लेकीचं शिकाऊ लायसन्स आलं आहे, ती आता गाडीवर हात बसवणार. तिच्यासाठी कागद लिहून गाडीच्या खणात ठेवला:

आवाज आला तर आधी लिही. गार की गरम? उभी की चालती? रेसबरोबर चढतो की वेगाबरोबर? क्लच दाबल्यावर काय होतं? एसीला काय होतं? ब्रेक लावल्यावर? वळणावर? खड्ड्यात?

टिकटिक, ठकठक, घरघर की किंचाळणं? जमलं तर रेकॉर्ड कर.

पुढचं माणूस एखादं नाव सांगेल. कशावरून, ते विचार. दाखवता येत असेल तर दाखवा म्हणून सांग.

दाखवल्याशिवाय काही उघडायला द्यायचं नाही.

अण्णांनी वाचून पेन मागितलं. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात: "तापमानाचा काटा वर गेला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर लिहीत बसू नये. गाडी बाजूला, इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये."

१८ जानेवारी, शनिवार, कोल्हापूर

पहाटे निघालो. थंडी, धुकं. लेक मागे, अण्णा माझ्या शेजारी, यंत्रं कानात. कराड सोडल्यावर म्हणाले, "टिकटिक कसली?" मी रेस कमी केली, कान दिला. काही नाही.

"इंडिकेटर चालू राहिलाय तुझा."

काटा सबंध रस्ता मध्यावर. रीडिंग ९१,७१९.

लग्नघरी गर्दी. हेही रात्रीपर्यंत पोहोचतायत. अण्णांनी जेवताना सगळ्यांशी बोलून घेतलं, फक्त बँड सुरू झाल्यावर यंत्रं काढून खिशात ठेवली.

भाऊ गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग हळूच म्हणाला, त्याच्या नव्या गाडीतही खालून काहीतरी वाजतं. अण्णांनी विचारलं, "कवा? नुसत्या खड्ड्यात, का वळताना पण? कुठल्या चाकाकडं?" त्याला सांगता आलं नाही. उद्या अक्षता पडल्या की अण्णा त्याच्या शेजारी बसून फेरी मारणार आहेत. भाऊ खड्ड्यांचा रस्ता शोधून ठेवतोय. मी वहीत नवं पान काढून रकाने आखले आहेत.